पडद्यावरचे तीन आकडे

गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीच्या बऱ्याच शिक्षकांनी पर्यावरणाच्या तासाला डेव्हिड ॲटनबरो यांचा 'अ लाइफ ऑन अवर प्लॅनेट' हा चित्रपट मुलांना दाखवला. २०२० साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे. त्र्याण्णव वर्षांचा एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो आणि आपल्या एका आयुष्यात पृथ्वी किती बदलली याची साक्ष देतो. छायाचित्रण अप्रतिम आहे, निवेदनात आक्रस्ताळेपणा नाही, आणि शेवटी काय करता येईल हेही सांगितले आहे. मुलांना तो आवडतो. आम्हांलाही आवडला. तरीही त्यातल्या एका गोष्टीबद्दल आमचे गंभीर मतभेद आहेत, आणि ती गोष्ट नेमकी मुलांच्या डोक्यात सर्वांत पक्की बसते.

चित्रपटात मधूनमधून एक साल येते आणि त्याबरोबर तीन आकडे येतात: जगाची लोकसंख्या, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, आणि शिल्लक राहिलेला अस्पर्श निसर्ग. पहिला आकडा चढत जातो, दुसरा चढत जातो, तिसरा उतरत जातो. निवेदक यांचा परस्परसंबंध शब्दांत फारसा सांगत नाही. सांगायची गरजच उरत नाही. आकडे एकाखाली एक लिहिले की वाचणारा त्यांच्यामध्ये 'म्हणून' हा शब्द आपोआप घालतो. माणसे वाढली, म्हणून निसर्ग घटला.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका शाळेत आम्ही नववीच्या वर्गाबरोबर हा चित्रपट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यांचा आलेख काढायला सांगितला. तुम्हीही काढून पाहा. आडव्या अक्षावर लोकसंख्या, उभ्या अक्षावर अस्पर्श निसर्गाची टक्केवारी. चित्रपटातील आकडे असे: १९३७ साली २३० कोटी आणि ६६ टक्के, १९५४ साली २७० कोटी आणि ६४, १९६० साली ३०० कोटी आणि ६२, १९७८ साली ४३० कोटी आणि ५५, १९९७ साली ५९० कोटी आणि ४६, २०२० साली ७८० कोटी आणि ३५. सहा बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत पडले. मुले खूष झाली. प्रयोगवहीत इतकी चांगली रेषा क्वचितच मिळते.

मग आम्ही रेषा दोन्ही बाजूंनी वाढवायला सांगितली. उजवीकडे ती १४०० कोटींच्या आसपास शून्याला टेकली. डावीकडे लोकसंख्या शून्य असताना ती ८०च्या जरा खाली उभ्या अक्षाला मिळाली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, पृथ्वीवर एकही माणूस नसताना वीस टक्के जंगल कोणी तोडलं?"

या प्रश्नावर एक संपूर्ण तास खर्च करावा असे आमचे मत आहे. माणूस नव्हता तेव्हा अस्पर्श निसर्ग शंभर टक्के असणार, हे व्याख्येनेच खरे आहे. म्हणजे रेषा डावीकडे चुकते. किती चुकते? चित्रपटाचेच आकडे घेऊ. पहिल्या २३० कोटी माणसांपर्यंत पोचताना निसर्ग १०० वरून ६६ वर आला: ३४ टक्के गेला. पुढच्या ५५० कोटी माणसांच्या काळात ३१ टक्के गेला. दर शंभर कोटींमागे हिशेब केला तर पूर्वी सुमारे १५ टक्के, नंतर साडेपाचच्या थोडे वर. नुसती डोकी मोजून निसर्गाचा हिशेब लागत असता तर हे दोन आकडे इतके वेगळे आले नसते. दुसरे काहीतरी बदलत होते, आणि ते पडद्यावर लिहिलेले नाही.

१९३७पूर्वीच्या त्या ३४ टक्क्यांत काय काय येते? उत्तर अमेरिकेची नांगरलेली गवताळ मैदाने येतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे कित्येक कोटी गवे होते. १८८०चे दशक संपता संपता हजारही उरले नाहीत, आणि त्या देशाची तेव्हाची लोकसंख्या आजच्या आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास होती. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांची कुरणे येतात, आसाम-सिलोनचे चहाचे मळे येतात, आणि आपल्याकडील साग, साल व देवदार येतात, जे रेल्वेच्या रुळांखाली स्लीपर म्हणून गेले. आपल्या देशाच्या बाबतीत तर एक विलक्षण योगायोग आहे. १९११ ते १९२१ या दशकात दुष्काळ, प्लेग आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. पण त्याच दशकात पहिल्या महायुद्धासाठी भारतीय जंगलांतून लाकडाची मागणी वाढलेली होती. माणसे कमी झाली आणि झाडेही कमी झाली. आमच्या आलेखावर हा बिंदू कुठे ठेवायचा?

'अस्पर्श' म्हणजे काय, तेही चित्रपट सांगत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बारा हजार वर्षांपूर्वीच जमिनीचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग माणसाच्या वावराचा होता. तिथे शिकार होत होती, गवत जाळले जात होते, कंद वाढवले जात होते, आणि तिथे प्राणीही होते. ज्यांच्या गावाला देवराई आहे त्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको.

आता चित्रपटाकडेच वळू. आमची तक्रार अशी की त्यातली दृश्ये त्यातल्याच आकड्यांना खोटे पाडतात, आणि दिग्दर्शकांना ते जाणवलेले दिसत नाही.

कोस्टा रिकाचे उदाहरण घ्या. मध्य अमेरिकेतला हा छोटा देश चित्रपटात आशेचे प्रतीक म्हणून येतो. शंभर वर्षांपूर्वी तीन-चतुर्थांश जंगल. १९८०च्या दशकात एक-चतुर्थांश. आज पुन्हा निम्मा देश हिरवा. खरे आहे. पण याच काळात तिथली लोकसंख्या काय झाली, तो आकडा मात्र इथे दिलेला नाही. १९८५च्या सुमारास ती २७ लाखांच्या आसपास होती, २०२०मध्ये ५० लाखांच्या वर. म्हणजे माणसे जवळजवळ दुप्पट झाली आणि जंगलही दुप्पट झाले! मग आधी ते गेले कशामुळे? त्यातला मोठा भाग गुरांच्या कुरणांसाठी गेला. गोमांस अमेरिकेत निर्यात होई आणि त्यासाठी स्वस्त कर्जे मिळत. ऐंशीच्या दशकात मांसाचे भाव पडले, कर्जे आटली, कुरणे ओस पडली आणि त्यांवर आपोआप रान माजू लागले. १९९६ साली जंगलाचा वापर बदलण्यास कायद्याने बंदी आली आणि पुढच्या वर्षापासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनावरील करातून पैसे मिळू लागले. चित्रपट यातले फक्त अनुदान सांगतो. भाव, कर्ज, कायदा, कर ही सारी साखळी वर्गात उलगडून दाखवली तर भूगोलाचा आणि नागरिकशास्त्राचा एकेक पाठ त्यातून सहज होतो.

दुसरी जोडी बोर्निओ आणि जपानची. बोर्निओच्या दृश्यात ओरांगउटान आहे, तोडलेले वर्षावन आहे आणि क्षितिजापर्यंत तेलताडाच्या ओळी आहेत. जंगल तोडण्यात दुहेरी लाभ, आधी लाकडाचा आणि मग जमिनीचा, असे निवेदन येते. लाभ कोणाचा, तर 'लोकांचा'. पुढे लोकसंख्या स्थिर कशी करावी हे सांगताना जपानचे उदाहरण येते: लोक सुखवस्तू झाले, शिकले, मुले कमी झाली, संख्या थांबली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर. पण एकीतून दुसरीकडे जाणारे जहाज चित्रपटात कुठेच नाही. जपान कित्येक दशके उष्णकटिबंधातील लाकडाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार होता. आधी फिलिपिन्स, मग साबा आणि सारावाक, म्हणजे बोर्निओचाच उत्तर भाग. त्या लाकडाचे प्लायवूड होई आणि त्यातले कितीतरी नुसते काँक्रीट ओतण्याच्या साच्यांसाठी वापरले जाई. जपानची स्वतःची दोन-तृतीयांश भूमी आजही वनाच्छादित आहे. लोकसंख्या थांबलेल्या देशाचे जंगल शाबूत राहिले आणि त्याची गरज दुसऱ्याच्या जंगलातून भागली.

देवमाशांचेही तेच. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख मोठे देवमासे मारले गेले. चरबीचे मार्गारिन आणि साबण झाले. ही शिकार मुख्यतः नॉर्वे, ब्रिटन, जपान, सोव्हिएत संघ अशा मोजक्या देशांच्या जहाजांनी केली. १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव झाला, १९८६पासून तो अंमलात आला. तेव्हा जगात ५०० कोटींच्या आत माणसे होती, २०२२ साली ८०० कोटी झाली, आणि कुबडा देवमासा अनेक समुद्रांत पुन्हा हजारोंनी दिसू लागला.

इतका काथ्याकूट कशासाठी, असे एखादा वाचक म्हणेल. चित्रपट चांगला आहे, दाखवावा आणि मोकळे व्हावे. आम्हांला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आपल्याच व्यवसायाच्या आठवणीत आहे. १९६८ साली पॉल एर्लिख या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचे 'द पॉप्युलेशन बॉम्ब' हे पुस्तक निघाले. त्याचा आरंभ दिल्लीतल्या एका उकाड्याच्या रात्री, टॅक्सीतून दिसलेल्या गर्दीने होतो. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील असे त्यात बजावले होते. तसे झाले नाही. पण संख्या हाच रोग आणि संख्या कमी करणे हाच उपाय, हा विचार सरकारी कचेऱ्यांत मुरला. १९७६-७७ या एका वर्षात भारतात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. 'केसेस' आणण्याची उद्दिष्टे ज्यांच्यावर लादली गेली त्यांत प्राथमिक शिक्षक होते. तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्याच विधिमंडळाने १९७६ साली मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. निवृत्त शिक्षकांपैकी कोणाला विचारा. वाडीवर गेल्यावर घरातले पुरुष मागच्या दाराने डोंगरात कसे पळत, हे ते सांगतील.

ॲटनबरोंवर हा आरोप नाही. मुलींचे शिक्षण, दारिद्र्यनिवारण आणि आरोग्यसेवा हाच मार्ग त्यांनी दाखवला आहे, आणि तो योग्य आहे. ते लोकसंख्येच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेचे २००९पासून आश्रयदाते आहेत, ही गोष्ट मात्र चित्रपट पाहताना लक्षात ठेवावी. आमची काळजी वर्गातल्या मुलांची आहे. सहा भावंडांतला मुलगा जेव्हा 'लोकसंख्यावाढ: एक शाप' असा निबंध लिहितो, तेव्हा तो स्वतःच्या आईविरुद्ध साक्ष देत असतो. त्याच्या घरात विजेचा एक दिवा आहे आणि ते कुटुंब कधी मोटारीत बसलेले नाही.

म्हणजे संख्येला काहीच महत्त्व नाही का? आहे. ते नाकारणे हा उलट बाजूचा आंधळेपणा होईल. एर्लिख आणि होल्ड्रन यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी मांडलेले सूत्रच पाहा: निसर्गावरचा भार म्हणजे माणसांची संख्या, गुणिले दरडोई उपभोग, गुणिले तो उपभोग पुरवणाऱ्या तंत्राचा भार. गुणाकारात कुठलाच अवयव फुकट जात नाही. जगातल्या सस्तन प्राण्यांचे एकूण वजन केले तर त्यात माणूस सुमारे ३६ टक्के, आपली गुरेढोरे सुमारे ६० टक्के, आणि वाघ-हत्ती-हरणे-देवमासे सगळे मिळून अवघे ४ टक्के भरतात. हा २०१८चा अंदाज आहे. आठशे कोटी माणसांना अन्न लागतेच. पण याच आकड्यात पाहा, आपल्यापेक्षा आपल्या गुरांचे वजन जास्त आहे. १९६० ते २०२० या काळात माणसे २.६ पट झाली, तर जगातले मांसाचे उत्पादन साडेचार पटींच्या वर गेले. खनिज इंधनांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पावणेचार पटींच्या आसपास गेला. संख्या हा एक अवयव झाला. बाकीचे दोन पाटीवर लिहिलेच नाहीत तर गुणाकार कसा करणार? मुलांना एक उदाहरण सोडवायला द्या. अमेरिकेत ३४ कोटी माणसे आणि दरडोई वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड. भारतात १४३ कोटी माणसे आणि दरडोई सुमारे २ टन. कोणाचा एकूण भार जास्त? पाचवीची मुलेही सोडवतील.

आपल्याकडचे प्राणीही या सरळ रेषेला जुमानत नाहीत. २००६च्या गणनेत देशात १४११ वाघ होते, २०२२मध्ये अंदाज ३६८२ पर्यंत गेला. मोजण्याची पद्धत सुधारली आणि मोजलेले क्षेत्र वाढले, हे धरूनही वाढ खरी आहे. आणि या काळात माणसेही वीस-पंचवीस कोटींनी वाढली. अकोले तालुक्यात (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तेही अभयारण्यात नव्हे, तर दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा ऊसमळ्यांच्या मुलखात. (तिथे सारे गोडीगुलाबीने चालले आहे असे कोणी समजू नये. बिबट्याने मूल नेलेल्या घरी सहजीवनाचे व्याख्यान देता येत नाही.) आणि याउलट गिधाडे. गावकुसाबाहेरच्या ढोरफोडीवर शेकड्यांनी उतरणारे पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९२नंतरच्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटले. कारण माणसांची गर्दी नव्हे, जनावरांना टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे एक वेदनाशामक औषध. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. लोकसंख्या निम्मी असती तरी ते औषध तितकेच विषारी ठरले असते.

चित्रपटातल्या किरकोळ चुकांकडेही विज्ञानशिक्षकाने लक्ष द्यावे. १९३७ साली हवेत दशलक्ष भागांमागे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता असे पडद्यावर येते. तो आकडा औद्योगिक क्रांतीच्या आधीचा आहे. १९३७मध्ये प्रमाण ३१०च्या जवळ पोचले होते, हे बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते. २१०० सालापर्यंत ११०० कोटी माणसे होतील हे भाकीतही मागे पडले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार २०८०च्या दशकात सुमारे १०३० कोटींवर जगाची लोकसंख्या शिखर गाठेल आणि मग उतरू लागेल. भारतात एका स्त्रीमागे सरासरी दोन मुले होतात, महाराष्ट्रात १.७ (हे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे). 'भूमितीश्रेणीने वाढणारी लोकसंख्या' हे वाक्य ज्या फळ्यावर अजून लिहिले जाते, तो फळा पुसायला हवा.

चित्रपटाचा आरंभ आणि शेवट चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यात या ओसाड शहरात आहे. माणूस गेला आणि रान परतले. दृश्य मनावर ठसते, पण त्यातून निघणारा धडा अर्धाच आहे. त्या परिसरात आज हिंडणारे प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे १९९८च्या सुमारास माणसांनीच तिथे आणून सोडले.

शेवटी त्या नववीच्या वर्गाविषयी. वीस टक्क्यांचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आम्ही सरळ उत्तर दिले नाही. बोर्निओचे दृश्य पुन्हा लावले आणि सर्वांना सांगितले, उद्या येताना घरातल्या खाण्याच्या वस्तूंची रिकामी वेष्टने आणा. बिस्किटे, शेव, नूडल्स, चॉकलेट, साबणही चालेल. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग पडला. घटकपदार्थांची बारीक अक्षरे वाचता वाचता बहुतेकांवर 'पाम' हा शब्द सापडू लागला. जगात पामतेल सर्वांत जास्त आयात करणारा देश भारत आहे, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, हे तेव्हा सांगितले. एका मुलाने रेशन दुकानातून मिळालेली एक लिटर तेलाची पिशवी आणली होती, २०२२च्या दिवाळीतल्या 'आनंदाचा शिधा'मधली. आईने ती धुऊन डाळ ठेवायला वापरली होती. त्यावरही पामतेल.

"मग आम्ही पण तोडलं का सर?" त्याने विचारले. पिशवी हातातच होती. वर्गात दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, तेल स्वस्त म्हणून घेतले, दुसरे परवडत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, महागडी चॉकलेटे खाणाऱ्यांनी आधी सोडावे. शेंगदाण्याचे तेल आपल्याकडे इतके महाग का झाले, हा प्रश्न कोणीतरी मध्येच काढला आणि तास संपल्याची घंटा झाली. पुढच्या आठवड्यात आम्ही तालुक्याच्या गावातल्या एका तेलघाण्यावर मुलांना घेऊन जाणार आहोत.